पितळी फोकसिंग भिंग हाती लागलं तर: आधी काय करायचं, आणि काय बिलकुल नाही

जुन्या लाकडी कॅमेऱ्याचा फोकस तपासायचं पितळी भिंग हाती लागलं, तर आधी एकच सांगतो, घासू नका. चिंच नाही, लिंबू नाही, राख नाही, देवाची भांडी घासायची पावडर तर अजिबातच नाही. माझं पहिलं भिंग मी असंच घालवलं. नागपूरच्या इतवारीत भांडे ओळीच्या मागे एका भंगारवाल्याकडे पितळेच्या तोट्या, समईचे तुटके पाय, बिनकड्यांचे घंगाळ असा ढीग पडला होता, त्यात बोटभर उंचीची एक नळी दिसली, दोन्हीकडून काच. म्हटलं काका हे कशाचं आहे, तर म्हणे "घड्याळजीचं असन भाऊ, घेऊन टाका, साडेतीनशे द्या." घरी आलो तेव्हा आई देव घासत बसली होती, तिच्याच शेजारी बसून मीही घासलं, दहा मिनिटात सोन्यासारखं चकचकीत झालं, मी खूश, आईही खूश. आठ दिवसांनी पाहतो तर अंगभर गुलाबी चट्टे आणि बाकीचं पितळ काळवंडलेलं.

झालं काय, तर जुन्या उपकरणांच्या पितळेवर लाखेचं पॉलिश असायचं. पितळ थोडं तापवायचे आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख ब्रशने हलक्या हाताने द्यायचे, त्यामुळे सोन्यावर कोऱ्या चहाची झाक असावी तसा रंग येतो. आपल्याला वाटते मळ आहे, पण तो मळ नसतो, तेच त्याचं कातडं असते. ते गेलं की पितळ उघडं पडते. आणि चिंच-लिंबाच्या आंबटाने पितळेतलं जस्त आधी निघून जाते, तांबं वर राहते, म्हणून ते गुलाबी चट्टे. ते परत जात नाहीत. तर हा धडा साडेतीनशेचा, तुम्हाला फुकट देऊन राहिलो.

आता हे भिंग नेमकं कशाचं ते थोडक्यात, कारण ते कळल्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहील. भात्याचा लाकडी कॅमेरा पाहिला असेल, जुन्या स्टुडिओत शोपीस म्हणून ठेवलेला तरी. त्याच्या मागे दुधी काच असते, लेन्समधून येणारं चित्र त्या काचेवर पडते, तेही उलटं, डोकं खाली पाय वर, आणि डावं-उजवं बदललेलं. फोटोवाला काळं कापड डोक्यावर घेऊन ती काच पाहायचा, भाता पुढे-मागे करून फोकस लावायचा, मग काच बाजूला करून तिथेच प्लेट, म्हणजे रसायन लावलेली फोटोची काच, घालायचा. नुसत्या डोळ्याने जे शार्प वाटते ते मोठं करून पाहिलं की शार्प नसते, म्हणून काचेवर हे भिंग टेकवून पाहायचं. बस, एवढंच त्याचं काम.

फ्रान्सच्या दागेरनं १८३९ मध्ये फोटो काढायची आपली पद्धत जाहीर केली, तेव्हाच्या लेन्सना उजेड कमी मिळायचा, माणूस कितीतरी मिनिटं हलायचा नाही. १८४० मध्ये पेट्झवालची पोर्ट्रेट लेन्स आली, उजेड भरपूर घेणारी, वेळ एकदम कमी झाला, पण मग अशी गोष्ट झाली की डोळे फोकसमध्ये असले तर कान बाहेर. चूक करायला जागाच राहिली नाही. त्यात १८५१ नंतर ओल्या कोलोडियनच्या प्लेटा, म्हणजे काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो काढायचा आणि ओलं असतानाच डेव्हलप करायचा, सुकलं की संपलं. आपला अजब बंगला, म्हणजे नागपूरचं म्युझियम, १८६३ चा, म्हणजे तो नवा कोरा होता तेव्हा फोटो काढायची रीत ही होती. नागपूरच्या उन्हात ओली प्लेट किती वेळ टिकत असेल याचा विचार करा राजा. फोकस लावायला दुसरा चान्सच नाही, म्हणून खिशात हे भिंग.

बरं, आता ओळखायचं कसं. बाजारात पितळी भिंग म्हणून चार-पाच वेगवेगळ्या वस्तू येतात आणि विकणारे सगळ्यांना एकच नाव देतात. घड्याळजीचं भिंग डोळ्यात अडकवायचं असते, ते बहुतेक काळं किंवा एका बाजूला निमुळतं असते, त्याला टेकवायला बूड नसते. सराफाचं छोटं, घडी होऊन कव्हरमध्ये जाणारं, पॉवर बरेचदा दहा पट, ते आपल्या कामाला जास्तच होते. तिसरं म्हणजे कापडाचे धागे मोजायचं भिंग, तीन पानांचं घडीचं, खाली चौकोनी खिडकी, तिच्या कडेला इंचाच्या खुणा. हे नागपुरात सापडणं साहजिकच आहे, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १८७७ मध्ये सुरू झाली, पुढे मॉडेल मिल, एवढ्या कापडाच्या गावात धागे मोजायचं भिंग घरोघर नाही तरी बऱ्याच ट्रंकांमध्ये निघणारच. माझ्या एका मित्राच्या आजोबांचं आहे, ते मिलमध्ये होते, तो कितीतरी दिवस सगळ्यांना "फोटोग्राफीचं अँटिक" म्हणून दाखवत होता. तसं पाहिलं तर पुष्कळ फोटोवाले हेच भिंग दुधी काचेवर वापरायचे, पण त्यात एक गोची आहे, ती खाली सेटिंगच्या ठिकाणी सांगतो.

खरं फोकसिंग भिंग म्हणजे नळीत नळी. बाहेरच्या नळीचं बूड सपाट, कारण ते काचेवर टेकवायचं असते. आतल्या नळीत भिंगं असतात आणि ती नळी आट्यांवर फिरून किंवा सरकून खाली-वर होते, आणि चांगल्या वस्तूत एक वेगळं कडं असते, खरबरीत दात्यांचं, ते आवळलं की नळी जागच्या जागी पक्की. हे लॉकचं कडं दिसलं की समजायचं, हे नुसतं वाचायचं भिंग नाही. बुडाची कडा पाहा, वर्षानुवर्षं काचेवर टेकवून ती गुळगुळीत झालेली असते, आणि अंगठा जिथे बसतो तिथली लाख गेलेली. नवीन माल जुना करून विकतात त्यात काळेपणा सगळीकडे सारखा असतो, वापर मात्र कधी सारखा नसतो.

दुर्बिणीची किंवा मायक्रोस्कोपची नेत्रभिंगंही, म्हणजे डोळा लावायच्या टोकाची भिंगं, अशीच पितळी नळीत येतात आणि फसवतात. छापलेल्या कागदावर धरून पाहा. अक्षरं स्वच्छ मोठी दिसली तर ठीक, कितीही वर-खाली केलं तरी कुठेच फोकस लागत नसेल तर ते हायगेन्स पद्धतीचं असू शकते, त्याचा फोकस दोन भिंगांच्या मध्येच पडतो, बाहेरची वस्तू त्यातून दिसणार नाही. आपल्याला चालते ते रॅम्सडेनचं, अठराव्या शतकात उपकरणं बनवणाऱ्या जेसी रॅम्सडेनचं, दोन भिंगं, एक बाजू सपाट एक फुगीर, फुगीर बाजू एकमेकींकडे तोंड करून. त्याचा फोकस भिंगाच्या बाहेर, थोडा पुढे पडतो, म्हणून ते काचेवर टेकवता येते. सर्वेवाल्यांच्या थिओडोलाइटमध्येही, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीतही, जिथे तारांची फुली आणि लांबचं दृश्य एकत्र पाहायचं असते तिथे, हीच रचना असायची, तर नागपुरात सर्वेच्या त्या झिरो माईलच्या दगडाजवळून जाताना एवढं आठवलं तरी पुरे.

आत किती भिंगं आहेत ते न उघडता कळते, आणि ही माझी सगळ्यात आवडती ट्रिक आहे. रात्री ट्यूबलाइटखाली बसा, भिंग थोडं तिरपं धरा आणि काचेत ट्यूबलाइटची किती प्रतिबिंबं दिसतात ते मोजा. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागाचं एक. एकच भिंग असेल तर दोन, दोन सुटी भिंगं असतील तर चार, काही सरळ काही उलटी, हात हलवला की काही इकडे पळतात काही तिकडे. मध्येच एखादं अगदी मिणमिणतं दिसलं तर तिथे दोन काचा बाल्समने, म्हणजे झाडाच्या पारदर्शक चिकाने, चिकटवलेल्या आहेत असं समजा, हे लक्षात ठेवा, साफ करताना कामाला येते. आणि प्रतिबिंबाचा रंग पाहा. साधा पांढरा असेल तर काचेवर कोटिंग, म्हणजे चकाकी कमी करणारा पातळ थर, नाही. जांभळा-निळा झळकला तर कोटिंग आहे, ते तंत्रच १९३५ च्या सुमाराचं आणि सर्रास झालं ते महायुद्धानंतर, मग "व्हिक्टोरियन" म्हणून पाच हजार मागणाऱ्याला नमस्कार करायचा आणि चालू पडायचं. अधिकच्या (+) खुणेच्या खाचेचा स्क्रू दिसला तरी तेच, तो १९३० च्या दशकातला शोध. मुरादाबाद आणि रूरकीकडे पितळेच्या नवीन वस्तू जुन्या वळणाच्या बनतात, दिसायला छान असतात, त्यावर लंडन आणि अठराशे कितीतरी असं ठळक कोरलेलं असते. वाईट काही नाही त्यात, फक्त नवीन म्हणून नव्याच्या भावात घ्या. खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवत जा, पितळेला चिकटत नाही, आत लोखंड आणि वर पितळेचा मुलामा असेल तर टपकन चिकटते.

पॉवर काढायची तर दुपारी घरात खिडकीसमोरच्या भिंतीजवळ उभे राहा, खिडकीबाहेरचं लांबचं झाड भिंतीवर उमटेल असं भिंग धरा, भिंग आणि भिंतीतलं अंतर मिलीमीटरमध्ये मोजा, अडीचशेला त्याने भागा. पन्नास आलं तर पाच पट. दोन भिंगांच्या नळीत अंतर कुठून मोजायचं याचा घोळ होतो, तेव्हा हा आकडा अंदाजाचाच धरा. चार ते आठ पट दुधी काचेसाठी मस्त, त्याच्या वर गेलात तर चित्र दिसायच्या आधी काचेचा रवाच मोठा दिसायला लागते. उन्हात कागद जाळून मोजायची पद्धत शाळेत शिकवली होती ना, ती नका करू, आणि भिंग खिडकीच्या पट्टीवर तर ठेवूच नका. आमच्या धरमपेठच्या घरी मी एप्रिलमध्ये ठेवलं होतं, कॅलेंडरवर एकादशीच्या चौकोनात गोल भोक पडलं, आईने वास आला म्हणून धावत येऊन पाहिलं. तेव्हापासून वापर झाला की टोपी लावायची किंवा कापडात गुंडाळायचं, हा घरचा कायदा आहे.

आता सफाई. पितळेला फक्त जुन्या बनियनचा मऊ तुकडा, फारच चिकट असेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, तुकडा पिळून घ्यायचा, पुसायचं, लगेच कोरडं करायचं. आट्यांमध्ये हिरवा कळंक जमला असेल तर शिलाई मशीनचं तेल लावून दात कोरायच्या लाकडी काडीने काढा, सुई-टाचणी नको. नळी फिरतच नसेल तर पकड लावायचा मोह होतो, पकडीचे दात पितळेवर कायमचे उमटतात. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून नळीभोवती गुंडाळा, हाताची पकड भारी बसते, आट्याच्या फटीत तेलाचा एक थेंब, रात्रभर आडवं ठेवा, सकाळी हळू फिरवा. माझं दुसरं भिंग तिसऱ्या सकाळी सुटलं, तोपर्यंत धीर धरला म्हणून ते आज चालते.

काच पुसायच्या आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, कारण नागपूरची धूळ म्हणजे बारीक वाळूच, थेट पुसलं की ओरखडे. मग डिस्टिल्ड पाणी, बॅटरीवाल्याकडे मिळते ते. डाग निघत नसेल तर मोबाइल रिपेअरवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानाच्या काडीवर अगदी थोडं, मधून बाहेर गोल गोल. पण इथेच लोक फसतात, अल्कोहोल लाखेला विरघळवते, काडीवरून एक ओघळ पितळेवर आला की तिथली लाख गेली, म्हणून काडी ओली नाही, नुसती ओलसर. आणि मघाशी मिणमिणतं प्रतिबिंब दिसलं होतं ना, म्हणजे चिकटवलेली जोडी, ती कशातही बुडवायची नाही, हेअर ड्रायर मारायचा नाही, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर विसरायची नाही, बाल्सम उष्णतेने मऊ पडते आणि काचा सरकतात.

आतली भिंगं काढायचीच असतील तर प्रत्येक वेळी आधी मोबाइलवर फोटो, आणि काचेच्या कडेवर, मधोमध नाही, पेन्सिलीने बारीक बाण, वर कुठली बाजू ते कळेल असा. मी एकदा बाण न करता काढली आणि परत बसवायला अख्खा रविवार गेला, फुगीर बाजू आत की बाहेर, चार प्रकारे बसवून पाहिलं. पावसाळ्यात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, जुन्या चामडी डबीत ठेवलं तर हमखास, चामडं ओल धरून ठेवते आणि पितळेलाही कळकवते. डबी वेगळी ठेवा, भिंग सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झाकणाच्या डब्यात.

आता खरं काम, सेटिंग. हे केलं नाही तर कितीही जुनं, कितीही महाग भिंग असू दे, पेपरवेट आहे ते.

गोष्ट अशी की दुधी काचेची घासलेली बाजू लेन्सकडे असते आणि गुळगुळीत बाजू आपल्याकडे. चित्र पडते घासलेल्या बाजूवर, भिंग टेकते गुळगुळीत बाजूवर, मध्ये काचेची जाडी. तीन मिलीमीटरची काच असेल तर आरपार पाहताना ती दोनच मिलीमीटर असल्यासारखी भासते, पण दोन मिलीमीटरही पुष्कळ झाले. धागे मोजायच्या भिंगाची गोची हीच, त्याचा फोकस बरोबर बुडाशी, कापडाला टेकवलं की धागा दिसावा म्हणून बांधलेला, त्यात फरक करायची सोयच नाही. दुधी काचेवर ठेवलं की चित्र फोकसच्या पलीकडे राहते, थोडं मऊच दिसते, आणि डोळ्याने कितीही जोर लावला तरी तो फरक भरून निघत नाही.  म्हणून त्या नळीला आटे.

तर करायचं असं. कॅमेऱ्यावरून दुधी काचेची चौकट काढा. घासलेल्या बाजूवर टोकदार पेन्सिलीने बारीक फुली मारा, घासलेल्या बाजूवर पेन्सिल छान उठते आणि नंतर ओल्या कापडाने जाते. काच उलटवा, गुळगुळीत बाजू वर, खाली पांढरा कागद. भिंग फुलीवर टेकवा. चश्मा लावून काम करणार असाल तर चश्मा लावूनच पाहा, काढून करणार असाल तर काढून, मध्ये बदलायचं नाही. आता आतली नळी पूर्ण बाहेर काढा आणि हळूहळू आत घालत या, फुली कापल्यासारखी स्पष्ट दिसली की थांबा. बाहेरून आत येण्याचं कारण, असं आलं की डोळा सैल असतानाच फोकस सापडतो, उलट बाजूने आलात तर डोळा जोर लावून तुम्हाला लवकर थांबवतो. पाच मिनिटं लांब पाहा, गच्चीवरची टाकी, झाड, काहीही, परत येऊन पाहा. अजूनही स्पष्ट आहे? मग कडं आवळा. फुलीच्या रेघेच्या कडेला पेन्सिलीच्या शिशाचे सुटे कण दिसायला पाहिजेत, आणि मागे काचेचा रवा, साखर सांडल्यासारखा. रवा आणि कण दोन्ही एकदम स्पष्ट, तर सेट.

मग कॅमेऱ्यावर. काळं कापड डोक्यावर, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं, आधी नुसत्या डोळ्याने फ्रेम आणि ढोबळ फोकस, मग भिंग. माणूस असेल तर पापणीवर, इमारत असेल तर पाटीवरच्या अक्षरांवर. भिंगाने चित्र सरळ होत नाही, ते उलटंच दिसणार, दोन दिवसांत सवय होते. फोकस लागला म्हणून लगेच थांबू नका, पुढे जाऊ द्या, बिघडू द्या, मागे या, दुसऱ्या बाजूला बिघडू द्या, आणि दोन्हींच्या मधोमध ठेवा. छिद्र लहान केल्यावर एकदा परत पाहा, काही लेन्समध्ये फोकस सरकतो. कोपऱ्यात चित्र काळं दिसते तेव्हा भिंग खराब नसते, तिथे उजेड तिरपा बाहेर पडत असतो, भिंगाचं बूड एका बाजूने थोडं उचलून त्या उजेडाच्या दिशेने वाकवा, दिसायला लागते. नेमका फोकस मधोमध पाहा, कोपरे असे तिरपे फक्त तपासा. मे महिन्यात काळ्या कापडाखाली घामाने भिंगावर वाफ धरते, त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे, सकाळी साडेसहाला फुटाळा तलावावर जायचं.

एक जुन्या काळची भानगड तुम्हालाही भेटू शकते. पूर्वीच्या प्लेटांना निळा-जांभळा उजेडच दिसायचा, आणि आपला डोळा फोकस लावतो पिवळ्यावर. साध्या लेन्समध्ये निळा उजेड लेन्सच्या जास्त जवळ जमा होतो, म्हणून भिंगाने अचूक लावूनही फोटो मऊ यायचा, आणि मग फोकस लावून झाल्यावर प्लेट अंदाजाने जरा लेन्सकडे सरकवावी लागायची. तुम्ही वाचायच्या भिंगाची लेन्स करून खोक्याचा कॅमेरा बनवला, आणि मागे फोटो पेपर लावला, तर हेच होणार, तेव्हा आपल्या पितळी भिंगाला शिव्या घालू नका.

भात्याचा कॅमेरा नसेल तर निगेटिव्ह पाहायला घ्या. मोबाइलचा स्क्रीन पांढरा करून वर निगेटिव्ह ठेवली तर पिक्सेलचे ठिपके मध्ये येतात, म्हणून मध्ये दोन बोटं उंचीवर दुधी प्लास्टिकचा तुकडा धरा. फक्त निगेटिव्ह पातळ असते, त्यामुळे काचेसाठी लावलेलं सेटिंग इथे चालणार नाही, कडं सैल करून परत लावावं लागेल, आणि परत काचेकडे जाताना पहिली जागा सापडत नाही. त्यासाठी मी बायकोच्या नेलपॉलिशचे ठिपके देऊन ठेवले आहेत, पितळेवर नाही, वर गुंडाळलेल्या कागदी पट्टीवर. लाल ठिपका माझ्या चश्म्यासह काचेचा, गुलाबी निगेटिव्हचा, आणि एक पांढरा दादाचा आहे, त्याला चश्मा नाही, त्याने एकदा न विचारता लॉक सोडून फिरवलं होतं आणि मी फुटाळ्यावर चार फिल्मा वाया घालवल्या.